सहा चेहरे आणि एक गुडघा

काकाचं कुणी तोंडावर कौतुक केलं की त्याच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या. त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवल्या, तेव्हा तर त्या अशा काही पेटल्या की शेजारच्या टेबलावरचा चित्रकार म्हणाला, "अरे, पाण्याची बाटली जवळ ठेवा कुणीतरी. धूर निघतोय याच्यातून."

कंपनी तशी चिमुकली. खाली रंगाचं दुकान आणि वर एक लांबुडकी खोली. पाच टेबलं, एक न उघडणारी खिडकी आणि जिन्यातून वर येणारा टर्पेंटाइनचा वास. गेली काही वर्षं ही मंडळी मुलांच्या एका इस्पितळासाठी अॅप तयार करत होती. ज्यांचं दुखणं वर्षानुवर्षं चालतं, जी घरीच असतात आणि काही महिन्यांनी एकदा तपासणीला येतात, अशा मुलांसाठी. रोज सकाळी मुलाने फोन उघडायचा. पडद्यावर प्रश्न यायचा, 'आज तुझा चेहरा कोणता?' आणि त्याखाली सहा चेहरे. पहिला खदखदून हसणारा, शेवटचा भोकाड पसरलेला. मुलाने एकावर बोट ठेवलं की काम झालं. तिकडे डॉक्टरांसमोर चेहऱ्यांची रांग लागायची आणि त्या रांगेकडे बघून औषध वाढवायचं की कमी करायचं ते ठरायचं. दुखतं का असं विचारलं की मुलं बिचकतात, म्हणून आडून चेहरा विचारायचा, ही युक्ती सगळ्यांनाच पसंत पडली होती.

ज्या मुलांना दिसत नाही त्यांचं काय, हा प्रश्न मात्र काकाने लावून धरला होता. फोन पडद्यावरचं बोलून दाखवतो हे खरं, पण चित्रापुढे कुणी काही लिहून ठेवलं असेल तरच. नाहीतर तो बापडा 'चित्र एक', 'चित्र दोन' एवढंच म्हणत राहतो. काकाने प्रत्येक चेहऱ्याचं वर्णन लिहिलं. जन्मभर पुस्तकांत डोकं खुपसून बसलेला माणूस तो; वर्णन म्हटल्यावर त्याला चेवच चढला. 'हसरा: ओठांचे कोपरे वर, गाल फुगलेले.' 'तोंडाची सरळ रेघ, भुवया किंचित खाली.' चौथ्या चेहऱ्याने तर त्याचा आठवडा खाल्ला, कारण तो धड उदासही नव्हता आणि धड बराही नव्हता. शेवटी 'ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर एक आठी' यावर त्याचं समाधान झालं. इस्पितळातून शाबासकीचा फोन आला आणि टाळ्या वाजल्या त्या यासाठी.

हे सगळं त्याने केलं ते खरं तर एकाच मुलीसाठी. त्याची पुतणी आठ वर्षांची होती, जन्मापासून तिला दिसत नव्हतं, आणि पाचव्या वर्षापासून तिचे सांधे सुजायचे, त्यातही गुडघे जास्त. तोंडाची टकळी अखंड चालू असायची म्हणून घरात तिला सगळे पिपाणी म्हणत. आठवड्यातून एकदा तिला मांडीत सुई घ्यावी लागे. त्या दिवशी पिपाणी तेवढी वाजायची नाही.

पूर्वी रोज सकाळी चेहरा निवडायचं काम वहिनी करत असे, म्हणजे पिपाणीची आई. वहिनी घरीच शिवणकाम करायची. मशीनवर बसल्या बसल्या लेकीला विचारायची, "काय गं, किती ठणकतंय आज?" पिपाणी पाढा वाचायची, आणि वहिनी त्या मानाने एका चेहऱ्यावर बोट ठेवून पुन्हा शिवायला लागायची. काकाने वर्णनं लिहिल्यावर मात्र पिपाणीने फोन आईच्या हातातून काढूनच घेतला.

"आता माझं मी बघेन. फोनमधली बाई मला सगळं सांगते."

"बघा, आत्तापासूनच आईची गरज संपली," वहिनी म्हणाली, पण तिलाही बरं वाटलेलं दिसत होतं. दादा, म्हणजे पिपाणीचे वडील, बेकरीत कामाला. पहाटे भट्टी पेटवायला निघायचे ते दुपारी अंगाला ताज्या पावाचा वास घेऊन परतायचे. ते एरवी मोजकं बोलत, पण त्या दिवशी धाकट्या भावाच्या पाठीवर पिठाळ हाताने थाप मारून म्हणाले, "शिकलास त्याचं चीज केलंस रे."

काकाच्या शर्टावर पिठाचा पंजा उमटला. तो त्याने दिवसभर झटकला नाही.

आणि पिपाणीची रांग तरी काय सुंदर लागली. हसरा, हसरा, थोडा हसरा, हसरा. पूर्वी वहिनी निवडायची तेव्हा मधूनमधून आठीवाला चेहरा हजेरी लावायचाच. तो आता जवळजवळ दिसेनासा झाला. डॉक्टरांनी ती रांग बघून फोनवर सांगितलं, सुई आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी द्या. पुढच्या भेटीपर्यंत असंच राहिलं तर बंदच करून टाकू. त्या संध्याकाळी पिपाणी इतकी वाजली की शेजारच्यांनी भिंतीवर टकटक केली.

फक्त वहिनीच्या मनाला ते पटेना.

"भाऊजी, एक विचारू?" ती एकदा म्हणाली. दातात दोरा धरलेला, नजर सुईच्या नेढ्यावर. "ही सकाळी उठायला फार वेळ लावते अलीकडे. बाथरूमपर्यंत जाते ती भिंतीला धरून. आणि परवा मैत्रीण खेळायला बोलवायला आली तर म्हणे, मला कंटाळा आलाय. हिला, आणि खेळायचा कंटाळा?"

"वहिनी, वाढतं वय आहे. मुलं आळसावतात," काका म्हणाला. मग त्याने फोन काढून ती रांग तिच्यापुढे धरली. "हे बघा ना. महिनाभर सगळे हसरे. आणि हे तुम्ही-आम्ही नाही, तिने स्वतः सांगितलंय."

वहिनीने रांगेकडे बघितलं. "तुमचं बाई ते मशीन," एवढंच म्हणून तिने दोरा तोडला. काकाला त्या वेळी जरा विजयी वाटलं होतं, आणि नंतर पुष्कळ दिवस तीच गोष्ट त्याला बोचत राहिली.

तपासणीची भेट आठवड्यावर आली असताना एका सुटीच्या सकाळी काका घरात होता. एरवी पिपाणी चेहरा निवडायची त्या वेळी तो ऑफिसच्या वाटेवर असायचा. त्यामुळे आपलंच काम चालताना त्याने कधी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. तो दारात कप हातात घेऊन उभा राहिला. पिपाणी पलंगावर पाय पसरून बसली होती. फोनमधल्या बाईने विचारलं, "आज तुझा चेहरा कोणता?"

पिपाणीने फोन मांडीवर ठेवला. दोन्ही हात गालांवर नेले. गाल दाबून पाहिले. मग तर्जनीने ओठांचे कोपरे चाचपले, आधी डावा, मग उजवा. कपाळावरून बोट फिरवून आठी आहे का ते पाहिलं. शेवटी डोळ्यांखाली बोटं टेकवून, ओलं लागतंय का याची खात्री करून घेतली. हे सगळं तिने अगदी मन लावून केलं. मग फोन उचलला, एकेक चेहरा ऐकत दुसऱ्यापर्यंत आली आणि तिथे दोनदा बोट टेकवलं. "थोडा हसरा. नोंद झाली," बाई म्हणाली.

काकाच्या हातातला चहा तसाच राहिला.

"पिपाणी, हे काय करत होतीस?"

"तू आहेस होय? चेहरा बघत होते."

"चेहरा कशाला?"

"विचारलंय ना तिने. उगाच काहीतरी कसं सांगायचं?" तिला काकाच्या अडाणीपणाचं नवल वाटलं. "तूच तर लिहिलंयस, कोपरे वर असले की हसरा. माझे कोपरे वर असतात. आई म्हणते झोपेतसुद्धा असतात."

"आणि गुडघा?"

"गुडघ्याचं कुठे विचारलंय?"

काका पलंगाच्या कडेवर बसला. "दुखतोय का गं गुडघा?" त्याने जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"दुखतोच की. ते काय नवीन आहे?"

"मग कधी सांगितलं नाहीस?"

"आई विचारायची तेव्हा सांगायचे. आता आई विचारत नाही, बाई विचारते." पिपाणीने खांदे उडवले. "आणि रडकं तोंड कोण सांगणार? मी काही रडत नाही. रडणारीला वर्गात चिडवतात."

महिनाभर त्या पोरीने प्रामाणिकपणे प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. तिची एकही नोंद खोटी नव्हती. ज्याला चेहरे दिसतात तो मुलगा दुखलं की रडक्या तोंडाकडे बोट नेतो, कारण रडकं तोंड म्हणजे दुखणं हे त्याने आरशात, चित्रात, दुसऱ्यांच्या तोंडावर शंभर वेळा बघितलेलं असतं. काकाने पिपाणीला चेहऱ्याचा कोपरान् कोपरा सांगितला आणि त्याचा अर्थ तेवढा सांगायचा राहिला. वर्णन जितकं नेटकं, तितकी तिने चेहऱ्याची तपासणी नेटकी केली.

वहिनीला सांगणं भाग होतं. तिने ऐकून घेतलं आणि मशीनवरचं कापड नीट घडी करून बाजूला ठेवलं. ती ओरडली असती तर काकाला सोपं गेलं असतं.

"मी म्हणत होते," ती म्हणाली.

"म्हणत होतात. मी ती रांग तुमच्या तोंडावर फेकली."

"ते जाऊ द्या आता. उद्यापासून मीच विचारते आणि मीच भरते. पहिल्यासारखं."

आतून आवाज आला, "नाही." पिपाणी भिंतीला धरून दारापर्यंत आली होती. या घरात तिच्या कानांपासून काही लपून राहणं शक्यच नव्हतं. "तू भरलंस की ते तुझं दुखणं होतं. तुला वाईट वाटलं की तू जास्त भरतेस. मला माहितीये. मागे मी थोडं सांगितलं होतं आणि तू आठीवाला दाबलास."

"तुला कसं कळलं गं?"

"दुसऱ्या दिवशी डॉक्टर फोनवर बोलल्या ना, खूप दुखतंय का म्हणून."

वहिनी काकाकडे बघायला लागली आणि काका जमिनीकडे. दोघांचंही चुकलं होतं आणि दोघांना पकडणारी एकच होती, पावणेचार फुटांची.

दुसऱ्या दिवशी काका ऑफिसात गेला तो सरळ मॅडमच्या टेबलाशी. मॅडम म्हणजे कंपनीची मालकीण. कमी बोलणारी, पण बोलली की पक्कं बोलणारी. काकाने सगळं सांगितलं. सांगताना पाळ्या लाल झाल्याच, पण या वेळी चित्रकाराने पाण्याची आठवण केली नाही.

"म्हणजे माझे चेहरे वाईट?" चित्रकाराने विचारलं.

"तुझे चेहरे झकास आहेत. मी त्यांची चित्रं सांगत बसलो. सांगायला हवं होतं, किती दुखतंय ते."

"मग तसं लिहून टाक," मॅडम म्हणाली. "दुखत नाही, थोडं दुखतं, जास्त दुखतं. संपलं."

काकालाही रात्रभर हेच वाटत होतं. त्याने सहाही वर्णनं खोडली आणि साधे शब्द लिहिले. संध्याकाळी घरी जाऊन फोन पिपाणीच्या हातात दिला. तिने सहाही ऐकले, आणि पुन्हा ऐकले.

"काका, थोडं म्हणजे कोणाच्या मानाने?"

"तुझ्याच मानाने."

"माझं तर रोजच असतं. मग रोजचं ते थोडं का?" ती विचारात पडली. "आणि जास्त म्हणजे पडल्यावर होतं तेवढं, की दात काढताना होतं तेवढं?"

दुखणं ज्याला सोबतीला मिळालंय त्याने ते कशाशी ताडून बघायचं? पाच वर्षांची असल्यापासून या मुलीला न दुखणारा गुडघा नीट आठवतही नव्हता. तिने बराच विचार करून 'थोडं' निवडलं, आणि ते निवडतानाचा तिचा अवघडलेपणा बघून काकाला कळलं की हे उत्तर मागच्यापेक्षा बरं असलं तरी खरं नाही.

"मग तूच सांग," तो म्हणाला. त्याने हात टेकले होते. "मला कळेल असं सांग. गुडघ्यात कसं होतं?"

पिपाणी म्हणाली, "आईच्या मशीनसारखं."

शिवणयंत्राचं लाकडी टेबल लहानपणापासून तिच्या आवडीचं. मशीन चालू असलं की ती त्यावर तळहात पसरून बसायची आणि आई काय शिवतेय ते ओळखायची. जाड कापडाला मशीन अडखळतं, पातळाला नुसतं गुणगुणतं. आता तिने वहिनीला मशीनवर बसवलं, आपला डावा हात टेबलावर पालथा ठेवला आणि उजवा गुडघ्यावर.

"चालव. हळू."

वहिनीने पायडलवर पाय ठेवला. मशीन घुर्र करून चालू झालं. काका दाराशी उभा होता आणि दादा त्या दिवशी जादा काम करून नुकतेच बेकरीतून आले होते, पिशवी खांद्यालाच होती.

"हे बसलेलं असताना," पिपाणी म्हणाली. "आता चालताना. अजून."

वहिनीने पाय थोडा दाबला.

"अजून."

मशीनचा आवाज चढला.

"अजून. अजून, आई."

वहिनीचा पाय दाबत होता पण चेहरा दुसरीकडे वळला होता. टेबलावरची रिळं थरथरायला लागली, त्यातलं एक घरंगळत जमिनीवर गेलं आणि कुणी ते उचललं नाही.

"बस," पिपाणी म्हणाली. "हे. सकाळी उठते तेव्हा हे."

वहिनीने पाय उचलला. मशीन थांबलं. दादांनी पिशवी हळूच खाली ठेवली आणि येऊन लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या केसांत पीठ सांडलं.

"एवढं होतं आणि तू बोलली नाहीस, ठमे," ते म्हणाले.

"मी सांगितलं की आत्ता," पिपाणी म्हणाली. तिला हे सगळे इतके गप्प का झाले ते कळेना. तिच्या दृष्टीने अवघड प्रश्न पहिल्यांदाच सोपा झाला होता.

त्यानंतर काकाने जे केलं ते तांत्रिक दृष्टीने फारसं अवघड नव्हतं, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना बजावून सांगत होता. फोन थरथरतोच, फोन आला की खिशात गुरगुरतो ना, तसा. ती थरथर त्याने सहा पायऱ्यांत बसवली, चेहऱ्यांइतक्याच, म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबात गोंधळ नको. फोन हातात धरायचा, थरथर हळूहळू वाढते, आपल्या दुखण्याएवढी झाली की तिचं वाढणं थांबवायचं; मग ती तेवढीच चालू राहते. आधी त्याने थांबवायला बटण ठेवलं होतं. पिपाणी म्हणाली, सकाळी बोटं आखडलेली असतात, बटण कसलं शोधतोस. मग तोंडाने 'बस' म्हटलं की थांबेल असं केलं. पहिल्या दिवशी दादा पाव कापत असताना वहिनी त्यांना "बस, किती कापताय" म्हणाली आणि नोंद होऊन गेली. पिपाणी हसून लोळली. मग काकाने फोनला पिपाणीचा आवाज ओळखायला शिकवलं, आणि बोलता न येणाऱ्यांसाठी फोन नुसता उपडा केला तरी थांबेल, अशी सोय केली.

"आवडलं," मॅडम म्हणाली. तिने स्वतः तो फोन धरून बघितला होता. "पण दुखणं मोजायची पद्धत आपण ठरवू शकत नाही. ते डॉक्टरांचं काम. सध्या तुझ्या पुतणीच्या फोनपुरतं राहू दे, नोंदी इस्पितळात पाठवू नकोस. डॉक्टर हो म्हणाल्या तर सगळ्यांसाठी करू. नाही म्हणाल्या तर नाही."

"आणि समजा त्यांना पटलं नाही?"

"तर तू नेहमीप्रमाणे पुटपुटू नकोस. नीट बोल."

भेटीच्या दिवशी वहिनी, काका आणि पिपाणी इस्पितळाच्या लांबलचक बाकावर बसले होते. समोरच्या भिंतीवर चित्रकाराचे सहा चेहरे मोठे करून लावले होते. बाकाच्या टोकाला एक बाई बाळाला थोपटत होती. पिपाणी नेहमीपेक्षा गप्प होती.

"काका," ती हळूच म्हणाली, "मी खरं सांगितलं तर सुई परत दर आठवड्याला होणार ना?"

काकाला खोटं बोलता आलं असतं. वहिनी त्याच्याकडे बघत होती. तिलाही बहुधा तेच हवं होतं, निदान आत जाईपर्यंत तरी.

"बहुधा होणार," काका म्हणाला.

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर आज सुई बंद होईल. पण गुडघा आतून झिजत जाईल, आणि ते कुणाला कळणार नाही. तुला सोडून."

पिपाणी पाय हलवायला गेली आणि मध्येच थांबली. काकाने तिचा हात धरायला आपला पुढे केला, पण तिने तो घेतला नाही. तिचं काहीतरी चाललं होतं आणि त्यात तिला कुणी नको होतं.

डॉक्टर चटपटीत बाई होत्या. पडद्यावरची हसरी रांग त्यांच्यासमोर उघडीच होती. "अरे वा, या. आज गोड बातमी द्यायची आहे मला," त्यांनी सुरुवातच तशी केली. त्यांनी पिपाणीचे गुडघे दाबून, वाकवून पाहिले. "वरून सूज फारशी नाहीये. दुखतं का इथे, बाळ?"

"जरा," पिपाणी म्हणाली, आणि ओठांचे कोपरे नेहमीप्रमाणे वर.

"जरा म्हणजे काहीच नाही," डॉक्टर हसल्या आणि लिहायला वळल्या.

काका उठून उभा राहिला. या वेळी पुटपुटून भागणार नव्हतं. "डॉक्टर, ती रांग चुकीची आहे. चूक माझी आहे." आणि मग त्याने गालांवरचे हात, ओठांचे कोपरे, आठी, सगळं सांगितलं. डॉक्टरांचं पेन कागदावर थांबलं होतं. सांगून झाल्यावर काकाने फोन खिशातून काढला आणि पिपाणीच्या तळहातावर ठेवला. आता ते तिच्यावर होतं.

फोन गुरगुरायला लागला. पहिली पायरी गेली. दुसरी गेली. वहिनीने पदराचं टोक मुठीत आवळलं होतं. तिसरीला पिपाणीचे ओठ हलले आणि काकाला वाटलं, म्हणते आता बस. सुईच्या भीतीने म्हटलं असतं तरी तिला दोष देणार कोण? तिने ओठ मिटले. थरथर वाढून चौथीवर गेली. फोन तिच्या हातात आता दिसेल असा हलत होता. पाचवी लागली.

"बस," पिपाणी म्हणाली. तिचा आवाज थोडा फुटला. "उजव्या गुडघ्यात सकाळी हे असतं. आत्ता एक कमी."

डॉक्टर फोनकडे बघत होत्या. "पण बाळ, हे मला कसं कळायचं? पाच म्हणजे माझ्यासाठी नुसता आकडा आहे."

"मग तुम्हीच धरा ना." पिपाणीने फोन पुढे केला, अंदाजाने, डॉक्टरांच्या आवाजाच्या दिशेने. "इकडे आणा हात."

डॉक्टरांनी हात पुढे केला. पिपाणीने तो चाचपून टेबलावर सरळ केला, त्यावर फोन ठेवला आणि फोनवर आपला हात. "एवढं. आणि हे थांबत नाही. आंघोळीनंतर कमी होतं, पण तोपर्यंत असतंच."

डॉक्टरांच्या टेबलावरची पेनं ठेवलेली वाटी किणकिणायला लागली. त्या फोन खाली ठेवतील असं काकाला वाटलं, पण त्यांनी ठेवला नाही. त्या तशाच हात पसरून बसून राहिल्या. दाराबाहेरून नर्सने डोकावून पुढच्या पेशंटला पाठवू का विचारलं. त्यांनी दुसऱ्या हाताने तिला थांबवलं.

"आज आत्ताच गुडघ्याची सोनोग्राफी करू," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. "आणि सुई पुन्हा दर आठवड्याला. मला माफ कर, पण ती लागणार."

"माहितीये," पिपाणी म्हणाली. नाराज होतीच, पण तिला ऐकून धक्का बसला नाही. "फार दिवस?"

"वेळेत कळलंय. गुडघा ऐकेल औषधाला, असं वाटतंय मला." मग त्यांनी काकाकडे पाहिलं. "माझ्याकडे अशी आणखी मुलं आहेत. काहींना दिसत नाही, काहींना बोलता येत नाही. त्यांच्याही रांगा हसऱ्याच आहेत. आता त्या रांगांची भीती वाटायला लागलीये मला. तुमच्या मॅडमना फोन करते मी आज."

काकाच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या होत्या, पण त्याचं त्याकडे लक्ष नव्हतं. वहिनीने डोळे पुसले आणि नाक ओढलं, आणि पिपाणीने मान तिकडे वळवून विचारलं, "आई, तू रडतेस का? कोणता चेहरा झालाय?"

"गप गं," वहिनी म्हणाली, आणि हसली.

डॉक्टरांनी फोन अजून पिपाणीच्या हाती परत दिला नव्हता. "हे उजव्या गुडघ्याचं झालं ना?" त्यांनी विचारलं. "मग डाव्याचं?"

पिपाणीचा चेहरा उजळला. आजवर हे तिला कुणीच विचारलं नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली, फोनकडे हात नेत, "त्याचं वेगळं लावते. आणि मनगट पण आहे."